नागोयाची तार आणि भिवंडीची ढोलकी

रसिक : जपानी वाद्य परदेशात जातं आणि तिथल्या वाद्याशी जोडी जमवतं, असं म्हटलं की आपल्यापुढे एखादा मोठा रंगमंच उभा राहतो. एका बाजूला कोतो, दुसऱ्या बाजूला तबला. पंडित रविशंकरांनी १९७८ साली होझान यामामोटो यांची शाकुहाची, सुसुमू मियाशिता यांचा कोतो आणि उस्ताद अल्लारखाँचा तबला एकत्र आणून ‘ईस्ट ग्रीट्स ईस्ट’ ही ध्वनिमुद्रिका केली, ती याच जातीची. माझं म्हणणं असं की, तिच्याहून जुनी आणि तिच्याहून कितीतरी जास्त लोकांच्या कानांवर पडलेली जोडी आपल्या भिवंडीत आहे. कशेळी-काल्हेरपासून खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत हळदीला जो बेंजो वाजतो, उरुसातल्या कव्वालीत जो हार्मोनियमच्या शेजारी असतो, गणपतीच्या मिरवणुकीत जो टेम्पोवर चढतो, त्याचं मूळ जपानात आहे. अमेरिकेतल्या गोल, कातडी मढवलेल्या बँजोशी त्याचं नातं नाही. नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ साली ताईशोगोतो नावाचं वाद्य बाजारात आणलं. आपला बुलबुल तरंग, म्हणजेच बेंजो, त्याच घराण्यातला. लांबट चपटी लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या धातूच्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताचं बोट बटण दाबतं, बटण तारेला पडद्यावर टेकवतं आणि उजव्या हातातली नखी ती तार छेडते. या वाद्यासाठी परदेश म्हणजे आपणच. आणि इथे त्यानं ढोलकीशी जमवलेली जोडी पाहुणी म्हणून एका संध्याकाळपुरती आलेली नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे.

साशंक : वाद्याचा जन्मदाखला तुम्ही नीट सांगितलात, पण त्यावरून दोन संस्कृतींची जोडी सिद्ध होत नाही. मुंबई आणि जपान यांच्यात टाटांच्या पुढाकारानं १८९३ साली बोटसेवा सुरू झाली. इथला कापूस तिकडच्या गिरण्यांकडे जाऊ लागला आणि पुढे तिकडचं कापड आणि किरकोळ माल इकडच्या बाजारात आला. अशा व्यापारात एखादी तारांची पेटीही येते, यात नवल ते काय? जोडी म्हणायची तर दोघांना एकमेकांची जाणीव हवी. कोतोवादक तबल्याचं आवर्तन मोजतो, तबलजी कोतोच्या रिकाम्या जागा ऐकतो, तेव्हा दोन परंपरा समोरासमोर येतात. भिवंडीचा बेंजोवाला वाजवतो ती कोळीगीतं, सिनेमाची गाणी, कव्वालीच्या चाली. त्यात जपानची एकही धून नाही, एकही वादनरीत नाही. आणि ज्याला आपण पारंपरिक जपानी वाद्य म्हणतो आहोत, ते तरी कितपत पारंपरिक? मोरिता पाश्चात्त्य देश पाहून आले होते. टाइपरायटरची बटणं त्यांनी कोतोच्या कल्पनेला जोडली आणि सम्राट ताईशोचं युग नुकतंच सुरू झालं होतं म्हणून त्याचं नाव वाद्याला दिलं. आपली हातपेटी याहून वयानं मोठी आहे. द्वारकानाथ घोष यांनी ती कोलकात्यात १८७५च्या सुमाराला घडवली. तेव्हा एका नव्या यंत्राला परंपरेची शाल पांघरायची आणि त्याच्या विक्रीला सांस्कृतिक भेट म्हणायचं, हे मला पटत नाही.

रसिक : परंपरेचं वय वाद्याच्या जन्मापासून मोजायचं म्हटलं, तर जपानच्या हाती फारसं काही उरणार नाही. खुद्द कोतो चीनमधून नारा काळात आला. शामिसेन सोळाव्या शतकात चिनी सानशिएनपासून, र्‍युक्यू बेटांच्या वाटेनं पोचला. आज ही दोन्ही वाद्यं जपानची ओळख आहेत, कारण तिथल्या लोकांनी त्यांची घडण बदलली, वाजवण्याची रीत बसवली आणि त्यांच्यासाठी रचना केल्या. वाद्य रुजतं ते असं. इथे भिवंडीचंच उदाहरण घ्या. या गावाचं पोट यंत्रमागावर आहे. यंत्रमागाचा जन्म इंग्लंडचा. नागोयाच्या परिसरात साकिची टोयोडा यांनी १९२४ साली त्याचा स्वयंचलित अवतार इतका सुधारला की, १९२९ साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले. भिवंडीत मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला हा इतिहास ठाऊक असो वा नसो, त्याच्या हातचं कापड भिवंडीचंच असतं. बेंजोचंही तसंच आहे. आता हेच वाद्य इतर ठिकाणी काय झालं ते पाहा. बलुचिस्तानात त्याची पेटी लांब झाली, साथीच्या स्वराच्या तारा वाढल्या आणि त्याला बेंजू म्हणू लागले. मकरान किनाऱ्यावरचे उस्ताद नूर बख्श तो विजेवर वाजवतात, सोबत दंबुऱ्याची साथ असते. ‘जिंगुल’ हा त्यांचा संग्रह २०२२ साली निघाला आणि पुढे युरोपच्या महोत्सवांनी त्यांना बोलावलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाच्या तारब संगीतात हे वाद्य शिरलं. जर्मनीच्या ‘नोय!’ या जोडगोळीतल्या क्लाउस डिंगरनं १९७२च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ते वाजवलं. प्रत्येक ठिकाणी हातांनी वाद्याला वळण दिलं आणि वाद्यानंही हातांना काही बंधनं घातली. ही बंधनं म्हणजेच त्यातलं उरलेलं जपान. जोडी आहे ती याच दोघांची.

साशंक : बंधनांचा विषय तुम्हीच काढलात, तर माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. बटण दाबलं की एकच ठरलेला स्वर निघतो. बटणाच्या आधी किंवा पुढे थोडं सरकायची मुभा नाही. आपलं गाणं मात्र स्वरांच्या मधल्या जागेत राहतं. दरबारीचा आंदोलित गंधार बटणावर बसत नाही, पण रागसंगीत सोडा. खाडीकाठच्या बाया जे गातात, त्यातही कितीतरी स्वर दोन बटणांच्या मध्ये पडतात. ही शंका मी एकटाच घेतो असं नाही. सांगलीचे कृ. बा. देवल आणि त्यांचे सहकारी क्लेमंट्स यांनी श्रुतींची हार्मोनियम बनवण्याचा खटाटोप केला, तो याच अडचणीतून. आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं, १९७१पर्यंत टिकली. त्या बंदीत अतिरेक होता, हे मला मान्य आहे. पण तिच्यामागे खरी चिंता होती. साथीचं वाद्य ठाम स्वरांचं असलं की हळूहळू गळाही त्याच्याच स्वरांवर येऊन बसतो. म्हणजे वाद्य इथलं होत नाही, गाणं वाद्याचं होतं. तुम्ही ज्याला जोडी म्हणता, तिच्यात एकानं दुसऱ्यापुढे मान तुकवलेली आहे आणि मान तुकवणारा गळा आपला आहे.

रसिक : धोका खरा आहे, पण तो टाळता येत नाही असं इतिहास सांगत नाही. हार्मोनियमवर बंदी असतानाही मराठी नाट्यसंगीत तिच्यावर उभं होतं. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीला गायकाच्या मागे, अर्धी मात्रा दबकून चालायला शिकवलं. गायक मींड घेतो तेव्हा पेटीनं ती ओढून दाखवायची नसते, मींड जिथे पोचते तो स्वर हलकेच धरायचा असतो. ही समज वाद्यानं दिलेली नाही, वादकानं कमावलेली आहे. पंडित शिवकुमार शर्मांनी १९५५ साली मुंबईच्या हरिदास संमेलनात संतूर एकट्यानं वाजवली, तेव्हाही मींड नाही हाच आक्षेप होता. त्यांनी आक्षेप नाकारला नाही. संतुरीची रचना आणि वाजवण्याची रीत बदलून त्यातून वाट काढली. आता कव्वालीतला बेंजो ऐका. कव्वाल मिसरा उचलतो, साथीदार तो टाळीवर झेलतात, ढोलक खालून ठेका धरते. या सगळ्यात बेंजो कव्वालाच्या तानेमागे धावत नाही. ओळ संपते, कव्वाल श्वास घेतो, त्या फटीत बेंजोवाला तीच चाल टोकदार, तुटक आघातांत परत करतो आणि पुढचा मिसरा येताच थांबतो. गळ्यानं जे ओढून म्हटलं, ते तार ठिपक्या-ठिपक्यांनी सांगते. एकच चाल दोन स्वभावांत ऐकल्यामुळे ती श्रोत्याच्या मनात पक्की बसते. बटणाच्या मर्यादेतून आलेलं हे सौंदर्य आहे. बेंजोला मींड काढता आली असती तर तो सारंगीची नक्कल झाला असता आणि सारंगीपुढे त्याची गरज उरली नसती.

साशंक : कव्वालीबद्दल तुमचं म्हणणं मी मान्य करतो, कारण तिथे कोण पुढे आणि कोण मागे हे ठरलेलं आहे. पण त्याच भिवंडी तालुक्यात हळदीच्या मांडवात काय होतं, तेही बोलू या. आगरी समाजात धवला आहे. धवलारीण तो गाते, सोबतच्या बाया साथ देतात आणि लग्नाचे विधी त्या गाण्याच्या क्रमानं पुढे सरकतात. तिला वाद्य लागत नाही. तिचा स्वर, तिचा श्वास आणि तिच्या तोंडी असलेले शब्द, एवढ्यावर विधी उभा असतो. त्याच अंगणात संध्याकाळी बेंजो पार्टी येते. बेंजोला पिकअप लावलेला असतो, सोबत कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशा, ढोलकी आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. त्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, धवलारणीचं कुठून येणार? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवायचा कायदा आहे. पण माझा प्रश्न दहाच्या आधीचा आहे. जपानी तार आणि आगरी ढोलकी यांची जोडी इथे छान जमली असेल, पण तिच्यासाठी तिसऱ्या कोणाला तरी गप्प बसावं लागलं. संस्कृतींच्या भेटीचं कौतुक करताना आपण वाजणाऱ्या दोघांकडेच पाहतो. ज्याचा आवाज त्या भेटीत बुडाला, त्याची नोंद कोण ठेवतं?

रसिक : ही नोंद ठेवायला हवी, यात वाद नाही. पण दोष कोणाच्या पदरात टाकायचा, हे नीट ठरवू या. ताईशोगोतो मुळात घरात बसून वाजवायचं, मऊ आवाजाचं वाद्य आहे. आजही जपानमध्ये ते मोठ्या संख्येनं वयस्क हौशी मंडळी समूहानं वाजवतात. मोठा आवाज त्याच्या रक्तात नाही, तो रस्त्यानं दिला. आणि रस्ता त्याच्या वाट्याला आला, कारण दुसरा मंच मिळाला नाही. दिवसा मागावर, गोदामात किंवा रिक्षावर राबणारा माणूस सुगीच्या दिवसांत, म्हणजे लग्नसराईत आणि गणपतीत, बेंजो पार्टीत चार पैसे कमावतो. त्याला सभागृहात कोणी बोलावलं नाही, त्याच्या वादनाचं परीक्षण कुठल्या वर्तमानपत्रानं छापलं नाही. आणखी एक गोष्ट. बेंजो पार्टीच्या पोटावर आता डीजे आला आहे. एका माणसाला बटण दाबून जे वाजवता येतं, त्यासाठी आठ-दहा वादकांना सुपारी का द्यायची, असा हिशेब घराघरांत होतो. म्हणजे काल धवला जिथे उभा होता, तिथे आज बेंजो उभा आहे. दोघांना मागे ढकलणारी गोष्ट एकच आहे: हळदीत माणसांनी गावं-वाजवावं यापेक्षा आवाज भरून राहावा, ही मागणी. बेंजोला गुन्हेगार ठरवून धवला परत येणार नाही. दोघं मिळून त्या मागणीशी लढले, तर कदाचित दोघांनाही जागा मिळेल.

साशंक : ही बाजू मी लक्षात घेतली नव्हती. तरीही वादकाला मान कुठून मिळतो, याकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. रवी जाधव यांचा ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा २०१६ साली आला. रितेश देशमुखनं त्यात मुंबईच्या वस्तीतला बेंजोवाला रंगवला. त्याला शोधत न्यूयॉर्कहून एक तरुणी येते आणि दोघं मिळून संगीत करू पाहतात. म्हणजे आपण बोलतो आहोत तीच जोडी. बेंजोवाल्याची व्यथा त्यात आहे, हे मोलाचं. पण कथेला बाहेरचा कान लागला. नूर बख्श यांचंही नाव आपल्यापर्यंत पोचलं ते युरोपच्या महोत्सवांमुळे. परदेशातल्या जोडीचा मोह मला इथे घातक वाटतो. त्या मंचावर श्रोत्याला वेगळेपण हवं असतं. जपानी माणसानं जपानी दिसावं, भारतीयानं भारतीय. बेंजोसारखं, दोन्ही घरांत अर्धं-अर्धं वाढलेलं वाद्य त्या चौकटीत बसत नाही. म्हणून मी आता माझा आक्षेप बदलून मांडतो. जोडी खरी की दिखाऊ, हे वाद्यांच्या गावांमधल्या अंतरावरून ठरवू नये. तीन प्रश्न विचारावेत. पट्टी कोण ठरवतं? आवाजाची पातळी कोण ठरवतं? आणि कोणासाठी कोण थांबतं? कव्वालीत बेंजो गायकाच्या पट्टीत लावतात आणि ओळ सुरू होताच तो थांबतो, म्हणून ती जोडी खरी. हळदीत तिन्ही गोष्टी स्पीकरच्या हाती असतात, म्हणून तिथे जोडी नाही. परदेशातल्या नामांकित मैफलींनाही हीच कसोटी लावा. त्यातल्या काही उतरतील, काही नापास होतील.

रसिक : कसोटी मला मान्य आहे, आणि ती माझ्याही म्हणण्याला शिस्त लावते. वाद्य रुजलं म्हणजे सगळं साधलं, असं मी धरून चाललो होतो. रुजलेलं वाद्यही शेजारच्या झाडाचं ऊन अडवू शकतं, हे ध्यानात ठेवायला हवं. पण या कसोटीतून एक शक्यताही दिसते. नागोयाचा ताईशोगोतोवादक आणि भिवंडीचा बेंजोवाला समोरासमोर बसले, तर काय होईल? तिकडे बटणांवर आकडे असतात आणि आकड्यांच्या लिपीत लिहिलेली चाल पाहून वाजवतात. इकडे सगळं कानावर चालतं. तिकडे नाजूक आघात आणि समूहाची शिस्त, इकडे ढोलकीच्या अंगानं येणारी लय आणि गाण्याला जागच्या जागी उत्तर देण्याची तयारी. शंभराहून जास्त वर्षांनी दोन चुलत घराणी भेटतील. भिवंडीच्या वादकाला तिथून हळू वाजवण्याची हिंमत मिळेल, नागोयाच्या वादकाला कागद बाजूला ठेवण्याची. अशी भेट परदेशात होवो की इथे, ती नुसत्या नवलाईपलीकडे जाईल, कारण दोघांच्या हातात एकाच वाद्याच्या दोन वाटा असतील.

साशंक : भेट व्हावी, पण तिच्यानं आपला मूळ प्रश्न सुटत नाही. पिकअप काढून टाकलेला बेंजो हळदीच्या गर्दीत टिकेल का, हे सांगता येत नाही. टिकला नाही तर वादकाची सुपारी जाईल, आणि शांततेची किंमत त्यानं एकट्यानं का मोजावी? उलट धवल्याला माइक देऊन मंचावर आणलं, तर तो ऐकू येईल, पण विधी राहणार नाही, कार्यक्रम होईल. बटणांच्या मधले स्वर वाचवायचे की बेंजोवाल्याचं पोट, असा पेच आपण दोघांनी बोलून सुटण्यातला नाही. तो सुटला तर मांडवात सुटेल, आणि सोडवायचा अधिकार गाणारीचा आणि वाजवणाऱ्याचा आहे.

रसिक : मग त्यांना तो अधिकार मिळावा, एवढीच मागणी आपण दोघं मिळून करू या. भिवंडी तालुक्यात येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी हळद आहे, त्यांनी सुपारी देताना बेंजो पार्टीच्या म्होरक्याला आणि धवलारणीला एकत्र बसवावं. धवल्याची वेळ ठरवून घ्यावी आणि तेवढा वेळ स्पीकर बंद ठेवावेत. धवलारणीला चालणार असेल, तर एकच बेंजो, विजेशिवाय, तिच्या पट्टीत लावून तिच्या मागे वाजवून पाहावा. तिला नको असेल, तर वादकानं हात आवरावा आणि त्याची बिदागी मात्र कापू नये.